नोकरी-संसार सांभाळून चित्रकाराचं जगणं: सुरुवात एका चित्रवहीपासून

शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेली माणसं महाराष्ट्रात घरोघरी सापडतात. स्मरणचित्र, स्थिरचित्र, संकल्पचित्र, ड्रॉइंग बोर्डाला चिमट्याने लावलेला कागद, पाण्याचा डबा, सगळं त्यांना आठवतं. मग दहावी आली, बारावी आली, नोकरी लागली आणि रंगपेटी माळ्यावर गेली. हा लेख त्यांच्यासाठी आहे. ज्यांनी ब्रश कधी हातात धरलाच नाही, पण मनातून इच्छा जात नाही, त्यांच्यासाठीही आहे.

‘कलाकाराचं आयुष्य’ म्हटलं की स्टुडिओ, प्रदर्शन आणि नोकरीचा राजीनामा एवढंच पुष्कळांच्या डोळ्यांसमोर येतं. राजीनाम्याची गरज नाही. प्रभाकर बरवे यांनी विणकर सेवा केंद्रात कित्येक वर्षं नोकरी केली आणि त्याच काळात आधुनिक भारतीय चित्रकलेत स्वतःची वाट काढली. त्यांच्या डायऱ्या प्रसिद्ध आहेत. रेखाटनं, आकारांबद्दलचे विचार, मनात आलेली एखादी कल्पना, सगळं त्यात शेजारी शेजारी. माझं ठाम मत आहे की रोज बघायची सवय लागली की चित्रकाराचं जगणं सुरू होतं, आणि ही सवय टिकवायला वहीसारखं दुसरं साधन नाही. ती घरात कोपरा मागत नाही, खिशाला परवडते आणि ऑफिसच्या बॅगेत डब्याशेजारी मावते.

म्हणून पहिलं काम एकच: एक चित्रवही सुरू करायची. तिच्यात चित्रही असेल आणि दोन ओळी मजकूरही. ती कशी सुरू करायची आणि चालू कशी ठेवायची, ते आता क्रमाने सांगतो.

वही निवडताना

दुकानात गेल्यावर मुखपृष्ठाकडे बघू नका, कागदाचं वजन बघा. ते जीएसएममध्ये छापलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कागद किती ग्रॅमचा आहे ते. झेरॉक्सचा कागद साधारण ७० ते ८० जीएसएमचा असतो. पेन्सिल आणि पेनासाठी १२० ते १५० पुरतो. जलरंग लावायचे असतील तर २०० च्या खाली जाऊ नका. ३०० चा मिळाला तर फारच उत्तम, कारण पाणी पडल्यावर तो फारसा फुगत नाही आणि पानाला लाटा येत नाहीत.

आकार ए-५ असू द्या, म्हणजे फुलस्केपच्या साधारण निम्मा. त्याहून मोठी वही लोकलमध्ये उघडता येत नाही, लहान वहीत रंगाला जागा उरत नाही. बांधणी शिवलेली हवी. नुसत्या गोंदाने चिकटवलेली वही सपाट उघडत नाही, आणि जोर लावून उघडली की पानं सुटतात. स्पायरलची चालेल, पण दोन पानांवर पसरलेलं चित्र काढायची सोय जाते, आणि घाटाची किंवा डोंगररांगेची लांबट चित्रं काढताना ती सोय फार लागते.

थोडी मेहनत करायची तयारी असेल तर वही स्वतः करून घ्या. जलरंगाच्या कागदाचा पूर्ण ताव २२ बाय ३० इंचाचा असतो. त्याचे ११ बाय साडेसात इंचाचे आठ तुकडे होतात. प्रत्येक तुकडा मधोमध दुमडला की साडेपाच बाय साडेसातची दोन पानं मिळतात. असे तीन ताव घेतले की ४८ पानं झाली, म्हणजे दोन्ही बाजू धरून ९६ चित्रांची जागा. दुमडलेले तुकडे दोन-दोन एकात एक घालून गावातल्या बाइंडरकडे द्या आणि ‘शिवून द्या, कापू नका’ एवढं सांगा. पुठ्ठा जाड मागा, कारण बाहेर मांडीवर वही ठेवून काढताना तोच ड्रॉइंग बोर्डाचं काम करतो. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. तिथे सुती चिंध्यांपासून केलेला कागद मिळतो. कोणताही हातकागद घेताना मात्र आधी एका तुकड्यावर रंगाचा ओला फटकारा मारून बघा. टीपकागदासारखा रंग आत ओढून घेतला तर तो पेनासाठी आणि कोरड्या रंगांसाठी ठेवा. रंग वर तरंगत राहून हळूहळू बसला, तर तो जलरंगाचा कागद.

रंग सहा, ब्रश दोन

चोवीस रंगांची पेटी घेऊ नका. सहा ट्यूब पुरतात: लेमन यलो, यलो ऑकर, एक लाल किंवा क्रिमझन, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्लू आणि सेरुलियन ब्लू. काळा आणि पांढरा मुद्दाम वगळला आहे. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र केले की गडद, जवळजवळ काळा रंग होतो, आणि तो ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा कितीतरी जिवंत दिसतो. निळा जास्त घातला तर पावसाळी ढगाचा करडा, सिएना जास्त घातला तर जुन्या सागवानी खांबाचा तपकिरी. आपल्याकडच्या बेसॉल्टच्या दगडाला, म्हणजे किल्ले, घाट आणि हेमाडपंती देवळांना, या दोन रंगांइतकी नेमकी जोडी मला दुसरी माहीत नाही. पांढऱ्यासाठी कागद कोरा सोडायचा.

ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक असतो, तो वाचायची सवय लावा. अल्ट्रामरीनचा पीबी २९, बर्न्ट सिएनाचा बहुधा पीबीआर ७. एकाच ट्यूबवर तीन-चार क्रमांक असले तर तो आधीच केलेला मिश्रण-रंग आहे. त्यात आणखी दोन रंग घातले की चिखल होतो. अ‍ॅलिझरिन क्रिमझनवर पीआर ८३ लिहिलेलं असेल तर तो उजेडात उडतो. वहीत बंद राहील तोवर ठीक, पण भिंतीवर लावायच्या चित्रात वापरू नका.

भारी रंग आणि स्वस्त कागद, की स्वस्त रंग आणि भारी कागद, असा प्रश्न आला तर डोळे मिटून कागदावर खर्च करा. विद्यार्थी दर्जाचे रंग चांगल्या कागदावर बरं काम देतात. भारीतला भारी रंग वाईट कागदावर मरतो. १९३१ साली दांडेकरांनी मुंबईत सुरू केलेल्या कॅमलिनचे रंग आपल्या पिढ्यान् पिढ्यांनी शाळेत वापरलेत. सुरुवातीला तेच चालतात, फक्त पोस्टर कलर नको, वॉटर कलर घ्या. पोस्टर कलर अपारदर्शक असतो, खालचा थर झाकतो.

एक गोल ब्रश ८ नंबरचा, ओला केल्यावर ज्याचं टोक एकत्र येतं असा. एक चपटा, पाऊण इंची. एक २बी पेन्सिल आणि एक ४बी. पाण्याने न फुटणाऱ्या शाईचं एक पेन. पाण्यासाठी झाकणाचे दोन छोटे डबे, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाणी घ्यायला. जुन्या सुती कपड्याचा एक तुकडा. बस.

वहीचं पहिलं पान चित्रासाठी वापरूच नका. तिथे सहा रंगांचे ठिपके लावा, खाली नावं लिहा, आणि प्रत्येक रंग दुसऱ्या प्रत्येकात मिसळून बघा. सहा रंगांच्या जोड्या पंधरा होतात. एका संध्याकाळचं काम आहे. पुढे बाहेर बसून ‘हा हिरवा कसा करू’ असा प्रश्न पडला की हेच पान उघडून बघायचं. कोरी वही समोर आली की हात थबकतो तोही यामुळे सैल होतो.

वेळ आणि जागा

रोज वीस मिनिटं. रविवारी सलग चार तास बसण्यापेक्षा ही वीस मिनिटं जास्त काम करतात, कारण डोळा रोज उघडा राहतो. दिवसात आधीपासून ठरलेल्या एखाद्या गोष्टीला ती जोडून टाका: सकाळच्या चहानंतर, डब्यानंतर, मुलांना क्लासला सोडल्यावर ते सुटेपर्यंत. ज्यांच्या अंगावर घरचं काम आहे त्यांना, आणि हे बहुतेक वेळा बाईच्याच वाट्याला येतं, एक सांगेन: ही वीस मिनिटं घरात जाहीर करून टाका. ‘जमलं तर काढते’ असं म्हटलं की ती वेळ सर्वांत आधी कापली जाते.

लोकलने येणाऱ्या-जाणाऱ्यांना तर फिरता स्टुडिओच मिळालेला असतो. डुलक्या घेणारी माणसं हलत नाहीत. वरची कडी धरलेले हात, पायातल्या चपला, मांडीवरच्या पिशव्या, लेडीज डब्यात गवार निवडत बसलेल्या बायका, यातलं काहीही दोन स्टेशनांच्या अंतरात काढता येतं. चेहऱ्यापासून सुरुवात करू नका. माणसाला कळतं आणि तो अवघडतो. हातापासून करा.

जागा मात्र एकच निवडा आणि तिथे परत परत जा. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले. मुंबईत राहून नाव कमावणं त्यांना शक्य होतं, पण ते कोल्हापुरात परतले आणि कोटितीर्थाच्या काठी राहून तेच तळं, तीच झाडं, तोच उजेड वेगवेगळ्या वेळी रंगवत राहिले. एका तळ्यात आयुष्यभराचा विषय मावतो, हे त्यांच्या जलरंगांकडे बघून पटतं. तुमचं कोटितीर्थ घराच्या गच्चीवरून दिसणारी पाण्याची टाकी असेल, नाक्यावरचं रिक्षास्टँड असेल, शेताच्या बांधावरची बाभूळ असेल. महिनाभर तेच काढा. पहिल्या आठवड्यात काढण्यासारखं सगळं संपलं असं वाटतं, आणि त्यानंतरच खरं दिसायला लागतं: टाकीची सावली नऊ वाजता कुठे पडते, बाभळीची खोडं सरळ नसून कशी वळलेली आहेत, रिक्षांच्या रांगेत दोन रिक्षांमधल्या रिकाम्या जागेचा आकार कसा आहे.

एक चित्र, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता प्रत्यक्ष काढू. उदाहरणासाठी वाईजवळचं मेणवली घेतो. कृष्णेच्या काठी नाना फडणवीसांचा वाडा, दगडी घाट, मेणेश्वराचं देऊळ, आणि वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा. चित्रकला शिकणारी मुलं वर्षानुवर्षं इथे लँडस्केपला येतात, आणि त्याला कारण आहे. दगड, पाणी, झाड आणि ऊन या चार गोष्टी इथे एका नजरेत येतात.

पोहोचल्यावर लगेच पेटी उघडू नका. दहा मिनिटं नुसतं फिरा. सावलीत बसायची जागा शोधा. कागदावर थेट ऊन पडलं तर पांढरा कागद डोळ्यांवर चमकतो, रंग फिका वाटतो म्हणून आपण गडद लावत जातो, आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. सूर्य कोणत्या बाजूला आहे ते बघा आणि पानाच्या कोपऱ्यात छोटा बाण काढून ठेवा. तासाभरात सावल्या सरकतात. बाण असेल तर तुम्ही त्यांच्या मागे धावत नाही.

मग डोळे बारीक करा, इतके की पापण्यांमधून अंधुक दिसेल. पायऱ्या, खिडक्या, पानं सगळं नाहीसं होतं आणि तीनच गोष्टी उरतात: उजळ, मध्यम, गडद. आता काडेपेटीएवढ्या चौकटी काढून ४बी पेन्सिलने फक्त हे तीन टोन भरा. एका चौकटीत देऊळ मधोमध, दुसरीत एका बाजूला, तिसरीत पाणी जास्त आणि घाट वर सरकवलेला. प्रत्येकीला दोन मिनिटं. तिन्ही शेजारी ठेवून बघितल्या की कोणती चालेल हे लगेच कळतं. बहुतेक नवशिके ही पायरी गाळतात, आणि बहुतेक चित्रं याच पायरीवर बिघडलेली असतात. रंग कितीही चांगला लावला तरी टोनची मांडणी चुकलेलं चित्र सावरत नाही.

निवडलेली मांडणी मोठ्या पानावर घ्या. रेषा थोड्याच: पाणी कुठे संपतं, घाटाचा तिरका कडा, देवळाचं शिखर कुठपर्यंत जातं, झाडाचा बाहेरचा आकार. पायऱ्या मोजून काढू नका. चार-पाच रेषा सुचवल्या की बाकीच्या बघणाऱ्याच्या डोळ्याला आपोआप दिसतात.

पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पसरट पातळ थर, आकाश आणि पाण्याचा, एकाच रंगाने, कारण पाण्यात आकाशच दिसत असतं. भरपूर पाणी, थोडा सेरुलियन, खाली येताना चिमूटभर ऑकर. वही थोडी तिरकी धरा, म्हणजे रंग खाली ओघळतो आणि कडेला थेंब जमतो. तो थेंब पुढच्या फटकाऱ्यात खाली न्यायचा. देवळाची आणि घाटाची उन्हातली बाजू कोरडी, पांढरी सोडा. हे सोडणंच जलरंगातलं सर्वांत अवघड काम. ऊन रंगवता येत नाही, ते राखून ठेवावं लागतं.

आता थांबा. पान ओलं असताना चमकतं. चमक गेली तरी आत ओल असते. बोटाची मागची बाजू हलकेच टेकवा, गार लागलं तर अजून वाळलेलं नाही. अर्धवट ओल्या वॉशवर ओला ब्रश लागला तर कडा फुटलेला फुलासारखा डाग पडतो. हा वाट बघायचा वेळ फुकट घालवू नका, शेजारच्या पानावर घंटा काढा, घाटावर आलेली माणसं काढा.

दुसरा थर सावलीचा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, मध्यम पाणी. देवळाची सावलीची बाजू, तिथून खाली पायऱ्यांवर पडलेली सावली, तिथून झाडाखालचा अंधार, हे सगळं ब्रश न उचलता एकाच सलग आकारात. सावल्या तुटक केल्या की चित्र ठिगळांचं दिसतं. हा सलग आकार अजून ओला असतानाच त्यात थोडा ऑकर किंवा लाल सोडा, म्हणजे सावलीतही दगडाची ऊब येते.

तिसरा थर थोडासाच: देवळाच्या दाराचा अंधार, झाडाच्या दोन फांद्या, पाण्याच्या कडेची गडद रेघ, एक-दोन माणसं. माणूस काढताना डोकं वाटतं त्यापेक्षा लहान काढा, धड खाली निमुळतं करा. पावलं न काढता पाय जमिनीत विरू द्या, माणूस चालायला लागतो. सगळ्यांत गडद आणि सगळ्यांत उजळ भाग जिथे एकमेकांना भिडतात तिथे डोळा जातो. ती जागा एकच ठेवा.

आणि मग ब्रश ठेवून द्या. ‘अजून थोडं’ असं वाटेल तेव्हा चित्र झालेलं असतं.

दोन ओळी लिहायच्या त्या कोणत्या

चित्राखाली तारीख सगळेच टाकतात. त्यापुढे जाऊन चार गोष्टी लिहा: वेळ, उजेडाची बाजू, वापरलेलं मिश्रण, आणि एक ऐकलेली किंवा बघितलेली गोष्ट. उदाहरणार्थ: ‘मेणवली, सकाळी ८.१०, ऊन उजवीकडून. सावलीला अल्ट्रामरीन दोन भाग, सिएना एक भाग. धुणं घेऊन आलेल्या आजी म्हणाल्या, एवढा वेळ बसलास, पाणी तरी पी बाळा.’

मिश्रणाची नोंद पुढच्या चित्रात कामाला येते. आजींचं वाक्य कशाला, असं वाटेल. वर्षभराने पान उघडल्यावर ती सकाळ त्या वाक्यामुळेच परत येते. ‘सुंदर’, ‘मनमोहक’, ‘निसर्गरम्य’ हे शब्द वहीत नकोत. त्यांच्यातून पुढे काहीही आठवत नाही. त्याऐवजी काय दिसलं ते लिहा: पाण्यावर हिरवट साय होती, घंटेखाली कुत्रं झोपलं होतं. आपल्या बोलीत लिहा, घरात बोलता तशीच. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, जी असेल ती. वही पुस्तकी मराठीसाठी थांबत नाही.

एखाद्या दिवशी चित्र जमलंच नाही तर पान फाडू नका. खाली लिहा की कुठे अडलं: टोन सपाट झाले, पाणी जास्त झालं, कंटाळा आला. अशी दहा पानं साठली की आपली अडचण एकच आहे हे दिसतं, आणि ती एकच असेल तर तिच्यावर काम करता येतं.

ऋतू सांभाळणं

महाराष्ट्रात जलरंग करायचे तर हवामानाशी जमवून घ्यावं लागतं, आणि परदेशी पुस्तकांत किंवा व्हिडिओत हे कुणी सांगत नाही. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये वॉश तासभर वाळत नाही. तेव्हा पेनाने रेखाटन करा आणि वर एकच हलका वॉश द्या, किंवा पाणी कमी करून कोरड्या ब्रशने काम करा. दमट हवेत कागदाचं साइझिंग खराब होतं, म्हणजे कागदावरचा जो लेप रंग वर धरून ठेवतो तोच जातो, आणि मग वॉश दिला की मध्येच पुरळ उठल्यासारखे डाग दिसतात. कोरा कागद आणि भरलेल्या वह्या पावसाळ्याआधी हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. बुटांच्या आणि औषधांच्या डब्यांतल्या पुड्या जमवत गेलात तर विकत घ्यायचीही गरज नाही. भिंतीला लागून असलेल्या कपाटाच्या मागच्या बाजूला वह्या ठेवू नका, तिथे ओल येते.

विदर्भ-मराठवाड्यात उलटी गोष्ट. मे महिन्यात नागपुरात वॉश अर्ध्यावर येईपर्यंत वरचा भाग वाळून कडक रेघ उमटते. सकाळी आठच्या आत काम उरका, रंग लावण्याआधी कागद स्वच्छ पाण्याने ओला करा, पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब टाका. जास्त टाकलं तर रंग चिकट राहतो, म्हणून दोनच.

बाहेर बसताना

लोक मागे उभे राहतात, विचारतात, सल्ले देतात. दोन वाक्यं बोला आणि काम चालू ठेवा. भाजीवाल्याचं, न्हाव्याचं, चांभाराचं चित्र काढायचं असेल तर आधी विचारा, ‘काका, तुम्हाला काढलं तर चालेल ना?’ काम झालं की दाखवा. शक्य असेल तर फोनवर फोटो काढून त्यांना पाठवा. देवळाच्या गाभाऱ्यासमोर, बंदरात, लष्करी हद्दीजवळ बसण्याआधी परवानगी घ्या. संरक्षित किल्ल्यांवर आणि लेण्यांमध्ये रंगाचं पाणी दगडावर ओतू नका, डबा झाकण लावून परत आणा.

एकटीने बाहेर बसणं अवघड वाटत असेल तर गटात जा. सिएटलचे पत्रकार-चित्रकार गॅब्रिएल कांपानारिओ यांनी २००७ साली ‘अर्बन स्केचर्स’ सुरू केलं. मुंबई आणि पुण्यातही त्याचे गट आहेत. नियम सोपा: फोटोवरून नाही, जागेवर बसून, समोर बघून काढायचं. शेवटी सगळ्यांच्या वह्या जमिनीवर शेजारी मांडतात. एकच चौक बारा जणांनी बारा तऱ्हांनी बघितलेला दिसतो, आणि वर्षभराच्या क्लासमध्ये न कळलेली गोष्ट त्या पाच मिनिटांत कळते.

मोठ्यांची कामं बघणं

महिन्यातून एकदा वही घेऊन प्रत्यक्ष चित्रांसमोर उभं राहा. मुंबईत १९५२ साली उघडलेली जहांगीर आर्ट गॅलरी आहे, तिच्या बाहेर फुटपाथवर चित्रं मांडणारे कलाकार आहेत. सातारा जिल्ह्यातल्या औंधला पंतप्रतिनिधींनी उभारलेलं भवानी संग्रहालय आहे. नागपूरकरांना अजब बंगला, म्हणजे तिथलं मध्यवर्ती संग्रहालय, जवळ. फोनवर बघितलेल्या चित्रात आकार कळत नाही, कागदाचा पोत कळत नाही, चित्रकाराने कुठे घाई केली आणि कुठे थांबला तेही कळत नाही.

एकच चित्र निवडा आणि त्याची काडेपेटीएवढी टोन-चौकट वहीत काढा. सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. हातात दिवा घेतलेली तरुणी, तिने ज्योतीवर धरलेला हात, आणि बोटांच्या कडेतून आरपार आलेला लालसर उजेड. हे जलरंगात केलेलं आहे, आणि यासाठी त्यांची मुलगी गीता दिवा घेऊन उभी राहिली होती. जलरंग म्हणजे फिके, हलके रंग असा समज असेल तर या चित्रातला अंधार बघा. एवढा सखोल अंधार पारदर्शक रंगाचे थरांवर थर देऊन आणला आहे, आणि तो आहे म्हणूनच बोटांतला उजेड पेटतो.

दाखवणं आणि विकणं

घाई नको, पण लपवूनही ठेवू नका. पहिली वही भरली की दोन माणसांना दाखवा: एक चित्रकलेतलं जाणणारं, एक तुमच्यावर माया असलेलं. पहिल्याला विचारा ‘यातली तीन कोणती ठेवशील आणि का?’ नुसतं ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘छान’ एवढंच उत्तर येतं.

कुणी विकत मागितलं तर फुकट देऊ नका. वाढदिवसाला भेट म्हणून द्या, ते वेगळं. किमतीसाठी आपल्याकडे चौरस इंचाचा हिशोब चालतो आणि नवशिक्यासाठी तो चांगला आहे. समजा दर २० रुपये ठरवला, तर साडेपाच बाय साडेसातच्या चित्राचे सव्वाएक्केचाळीस चौरस इंच, म्हणजे ८२५ रुपये. फ्रेमचा खर्च वेगळा. ओळखीच्याला एक आणि अनोळख्याला दुसरा, असे दोन दर ठेवू नका. जलरंगाच्या फ्रेममध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच, कारण काच कागदाला टेकली की दमट दिवसांत कागद काचेला चिकटतो. विकण्याआधी चित्र स्कॅन करा, मागच्या बाजूला पेन्सिलने नाव, जागा, साल लिहा. वहीतलं पान फाडून विकू नका. त्याच विषयावर सुट्या कागदावर नवं चित्र करा, वही पूर्ण राहू द्या.

प्रदर्शनाची वाट लांब असते. जहांगीरमध्ये स्वतःचं प्रदर्शन लावायचं तर अर्जानंतर काही वर्षं थांबावं लागतं. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ पासूनची. त्यांच्या वार्षिक प्रदर्शनांत चित्रं पाठवता येतात, आणि निवड झाली नाही तरी त्या निमित्ताने चार चित्रं नीट पूर्ण होतात. त्याआधी गावातलं वाचनालय, सोसायटीचा हॉल, शाळेची भिंत आहेच.

वही चालू ठेवण्यासाठी

खंड पडेल. आजारपण, परीक्षा, लग्नकार्य, ऑफिसचं ऑडिट, काहीतरी येतंच. राहिलेले दिवस भरून काढायला जाऊ नका, नाहीतर आठ चित्रांचं ओझं डोक्यावर बसतं आणि वही पुन्हा महिनाभर बंद राहते. ज्या दिवशी परत उघडाल त्या दिवशी समोर जे असेल ते काढा: औषधाची बाटली, रुखवताचं ताट, फायलींचा ढीग. खाली खंड का पडला ते एका ओळीत लिहा आणि पुढे जा.

प्रत्येक वहीच्या कण्यावर क्रमांक आणि सुरू केल्याची तारीख लिहा. पानांना नंबर द्या. शेवटची दोन पानं अनुक्रमणिकेसाठी मोकळी ठेवा, तिथे ठिकाणं, माणसं आणि जमलेली मिश्रणं पान-नंबरासकट नोंदवा. आणि शेवटची दहा पानं उरली की पुढची वही बाइंडरकडे टाका, कारण सणासुदीच्या दिवसांत त्याला पंधरा दिवस लागतात.